पुण्यातला मिहीर

मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये कोणाचं भारताचं तिकीट निघालं की ते फार दिवस गुपित राहत नाही. जाणाऱ्याला वाटतं आपण बॅगा भरतोय. खरं तर सगळ्या मराठी मंडळींचे डोळे त्या बॅगांमधल्या रिकाम्या कोपऱ्यांवर असतात. कोणाच्या सासऱ्यांचं ब्लडप्रेशरचं यंत्र, कोणाच्या भाचीचे बूट. नेणारा कुरकुरतो आणि नेतो, कारण पुढच्या वर्षी त्याचीही पिशवी कोणीतरी नेणार असतं. रेखा टिपणीसला हा सगळा व्यवहार तोंडपाठ होता. मनापासून कोण नेतं, वजन ऐकल्यावर कोणाचा आवाज बदलतो, वाटेत 'फुटलेली' लोणच्याची बरणी नेमकी कोणाच्या पोटात जाते, सगळं. माणसांच्या बाबतीत तिचा हिशोब सहसा चुकत नसे. एकदा चुकला, तो मात्र भलताच चुकला.

डिसेंबरात शुभाचा फोन आला. शुभा आणि तिचा नवरा अतुल म्हणजे तीस वर्षांची ओळख. दोघींची बाळंतपणं इथे एकमेकींच्या भरवशावर झालेली.

"रेखा, नाताळात पुण्याला निघालोय आम्ही. मिहीरला काही पाठवायचंय का? जागा ठेवलीय तुझ्यासाठी."

"अगं, तुझ्याच बॅगा काय थोड्या असतील?"

"त्या अतुलच्या. त्याच्या आईला इथलाच साबण लागतो, जसं काही पुण्यात कोणी अंघोळच करत नाही." शुभा हसली. मग जरा थांबून म्हणाली, "बोल ना. द्यायचंय काही, का... नको?"

"द्यायचंय तर," रेखा म्हणाली.

ती त्याच दुपारी मॉलमध्ये गेली. दोन शर्ट, दाढीचं यंत्र, बदाम, आणि मिहीर लहानपणी जेवण सोडून खायचा ती दालचिनीची बिस्किटं. शर्टापाशी बराच वेळ अडली. मीडियम का लार्ज? गेल्या खेपेला त्याचे खांदे रुंद वाटले होते. लार्ज घेतले. घरी येऊन ती खोकं बांधायला बसली तेव्हा चारुदत्त, म्हणजे तिचे यजमान, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"आणखी एक?"

"शुभाने विचारलं. नको म्हटलं असतं तर का नको, ते विचारलं असतं."

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि चिकटपट्टीचं टोक धरायला वाकले.

मिहीर पुण्यात नव्हता. तो मिशिगनमध्येच होता, घरापासून गाडीने तीन तास उत्तरेला, तारांच्या दोन कुंपणांच्या आत. सशस्त्र दरोड्याच्या गुन्ह्यात त्याला कमीत कमी बारा वर्षांची शिक्षा झाली होती. पुण्यात होते ते फक्त रेखाचे भाऊ-वहिनी, आणि त्यांच्या कपाटावर साठत चाललेली मिहीरच्या नावाची खोकी.

झालं होतं ते असं. दोन हजार चारच्या ऑक्टोबरात मिहीर एकवीस वर्षांचा होता. कॉलेज एकदा सोडलेलं, एकदा धरलेलं. शाळेतले दोन मित्र त्याच्या गाडीत बसले आणि शेजारच्या काउंटीतल्या एका कोपऱ्यावरच्या दारू-सिगारेटच्या दुकानापाशी उतरले. मिहीर गाडी चालू ठेवून बसला. आत एकाने गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याच्या तोंडासमोर पिस्तूल धरलं. पुढच्या सिग्नलला तिघेही पकडले गेले. मित्रांनी गुन्हा कबूल केला. मिहीरने खटला लढवला.

जामिनावर घरी आला त्या सकाळी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून खरं काय ते सांगितलं होतं. "आई, दे सेड दे'ड ग्रॅब द कॅश अँड रन. मला माहीत होतं. पण गनचं नव्हतं माहीत. आय स्वेअर."

चारुदत्त म्हणाले, "तुला काहीच माहीत नव्हतं."

"बाबा, मी सांगतोय ना..."

"काहीच. ते बिअर आणायला उतरले, तू गाडीत बसलास. संपलं."

चारुदत्तांची सगळी नोकरी मोटारीचे सुटे भाग तपासण्यात गेली होती. त्यांच्या लाइनवर एक गेज असे. भाग त्यात शिरला तर पास, नाही शिरला तर भंगार. त्या गेजवर त्यांनी तीस वर्षं पगार घेतला, घर बांधलं, मुलांची प्रगतिपुस्तकंही बहुधा त्यानेच तपासली. मोठी अंतरा दर वेळी शिरली. ती आता पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, पीएचडी करत होती. मिहीर मात्र थोडा इकडे, थोडा तिकडे.

खटल्याच्या शेवटी न्यायाधीश ज्यूरीला सूचना देतात: कोणता गुन्हा कशाने सिद्ध होतो आणि तुमच्यापुढे निकालाचे कोणकोणते पर्याय आहेत. त्याआधी मिहीरच्या वकिलाने टिपणीस मंडळींना कोर्टाच्या व्हरांड्यात गाठलं. म्हणाला, आपण मागितलं तर ज्यूरीला मधला पर्यायही सांगता येईल: शस्त्राशिवाय लूट. मुलाला चोरीचा अंदाज होता पण पिस्तुलाचा नव्हता, असं त्यांना वाटलं तर ते तिथे थांबतील. शिक्षा कितीतरी कमी.

"म्हणजे चोर आहे असं आपणच म्हणायचं?" चारुदत्त म्हणाले. "तो एक तर निर्दोष आहे, नाहीतर नाही. मधलं काही नको."

"निर्णय मुलाचा आहे," वकील म्हणाला.

मिहीरने वडिलांकडे पाहिलं, मग आईकडे. रेखाला वाटलं, बोलावं. तिला सगळं ठाऊक होतं. त्या टेबलाशी तीही बसली होती. पण मनात तिने भराभर बेरीज केली: मधला पर्याय मागितला, आणि तोच लागला, तर लोकांना सांगणार काय? 'थोडीशी लूट' असं तर काही म्हणता येत नाही. निर्दोष सुटला तर कोणाला काही सांगायलाच नको. ती पर्समधला रुमाल शोधू लागली.

न्यायाधीशांनी मिहीरला उभं करून विचारलं, मधला पर्याय नको हे तुला मान्य आहे ना? मिहीर म्हणाला, "येस, सर."

दुसऱ्या दिवशी ज्यूरीने आतून चिठ्ठी पाठवली: या दोहोंच्या मधलं काही आहे का? न्यायाधीशांनी उत्तर दिलं, जे दिलंय त्यातूनच ठरवा. त्यांनी ठरवलं.

शिक्षा सुनावताना मिहीरच्या मागचे बाक रिकामे होते. आई, बाप आणि मधे ओव्हरकोट. अंतरालासुद्धा परीक्षा आहे ना, म्हणून येऊ दिलं नव्हतं. गावाला सांगण्यापुरता तोवर मिहीर मामाकडे पुण्याला एमबीए करायला गेला होता. न्यायाधीशांनी बाकांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, या तरुणाबद्दल दोन शब्द बोलावे असं त्याच्या समाजातल्या एकालाही वाटलं नाही, याची मी नोंद घेतो. मग बारा वर्षं.

तुरुंगातल्या पहिल्या भेटीत रेखाने पुण्याचं सांगितलं तेव्हा मिहीर इतका हसला की पहारेकऱ्याने वळून पाहिलं.

"मी तिथे काय करतो?"

"एमबीए."

"आई, कम ऑन. निदान मी पास होईन असं काहीतरी तरी सांगायचं!" डोळे पुसत तो म्हणाला, "हाऊ ॲम आय डुइंग?"

"बरा आहेस. मामीच्या हातचं आवडत नाही तुला."

त्यानंतर दर भेटीत तोच विचारायचा, "सो, पुण्यात काय चाललंय?" आणि रेखा सांगायची. तुरुंगात बाहेरून काही नेता येत नाही. एका पारदर्शक पिशवीत नाणी न्यायची, आणि तिथल्या मशीनमधून जे पडेल ते त्याला भरवायचं. लाडू नाही, स्वेटर नाही, काही नाही. पुण्याच्या मिहीरला मात्र सगळं पाठवता येत होतं. म्हणून ती खोकी बांधताना रेखाचा चेहरा कधी खोटा दिसला नाही. खोटं बोलणाऱ्या बाईने शर्टाचा साइज इतका वेळ कशाला पाहिला असता?

फेब्रुवारीत अपिलाचा निकाल आला. अपिलाची वकील वेगळी होती, कोवाल्स्की नावाची, मोठ्या आवाजाची, पिवळ्या केसांची बाई. तिने दोघांना ऑफिसात बसवून सांगितलं.

"ज्यूरीच्या सूचनांचा मुद्दा गेला. कोर्ट म्हणतं, मधला पर्याय तुम्हीच नको म्हणालात. आरोपीने स्वतः 'येस, सर' म्हटलंय. जे नको म्हणून सांगितलं, ते दिलं नाही अशी तक्रार करता येत नाही. दरोड्याचा निकाल कायम."

चारुदत्त टेबलाच्या कडेकडे पाहत होते.

"शिक्षेचा मुद्दा आपण जिंकलो. बारा वर्षं ही या गुन्ह्यासाठी ठरवून दिलेल्या वर्षांच्या पट्ट्याबाहेर होती, आणि तसं का केलं याची धड कारणं न्यायाधीशांनी दिली नाहीत. शिक्षा रद्द. तेच न्यायाधीश पुन्हा सुनावतील, चारपासून सातपर्यंत कुठेही."

"आणि तो मधला पर्याय..." रेखाने विचारलं, "तो मागितला असता तर?"

कोवाल्स्कीबाईने एकदा चारुदत्तांकडे पाहिलं. "कोण सांगणार? ज्यूरीची चिठ्ठी पाहता, बहुधा तोच लागला असता. अडीच-तीन वर्षं. म्हणजे आत्ता..." पुढचं तिने गिळलं. मोठ्या आवाजाच्या बाईचा एवढा बारीक आवाज रेखाने पहिल्यांदाच ऐकला. "मला या वेळी बाक भरलेले हवेत. शेजारी, काका, मावश्या, जे कोणी असतील ते. तुमच्या लोकांच्या पार्ट्यांना पार्किंग मिळत नाही म्हणे. आणा त्यांना."

गाडी हायवेला लागली. मग चारुदत्त म्हणाले, "लोकांना कशाला? आपण दोघं जाऊ. अंतरा येईल."

"अहो, तुमच्या कारखान्यात भागाचे दोनच डबे होते?"

"म्हणजे?"

"पास आणि भंगार. तिसरा नव्हता?"

चारुदत्तांनी पुढच्या ट्रकमागे गाडी हळू केली. "होता," ते म्हणाले. "रीवर्कचा. थोडं घासलं की बसतील अशा भागांचा." आणि थोड्या वेळाने, "बहुतेक भाग त्यातच जायचे, रेखा."

एवढं बोलून त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तिला चालवायला सांगितलं.

रेखा शुभाकडे गेली ती फोन न करता. शुभा चिवडा डब्यांत भरत होती, पुण्याहून येऊन महिना झाला होता तिला. रेखाने कोटसुद्धा काढला नाही. "शुभा, मिहीर पुण्यात नाही."

शुभाने डब्याचं झाकण लावलं. "बस आधी."

"तो तुरुंगात आहे. दोन वर्षं झाली."

"माहीत आहे मला."

रेखाने कोणकोणत्या उत्तरांची तयारी केली होती! अगंबाई, हे देवा, काय सांगतेस. त्यात हे नव्हतं.

"मागच्या वर्षी तुझं खोकं द्यायला मी स्वतः गेले होते तुझ्या भावाकडे," शुभा म्हणाली. "वहिनीने स्टूल घेतलं आणि कपाटावर ठेवलं. वर आणखी दोन होती, तुझ्या अक्षरातली, चिकटपट्टीसुद्धा न काढलेली. एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा घरात असता तर बदाम तरी उरले असते का? मग इथे येऊन अतुलने इंटरनेटवर शोधलं. मिळतं सगळं."

"आणि तरी या डिसेंबरात तू विचारलंस? खोकं नेलंस?"

"विचारलं. 'का नको' असंसुद्धा विचारलं. म्हटलं, या खेपेला तरी म्हणशील, नको गं, तो तिथे नाहीच. तू म्हणालीस, द्यायचंय तर."

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"तुला न सांगता ज्यांना सांगायचं असतं त्या सगळ्यांना."

रेखा आता बसली. शुभा तिच्यासमोर ओट्याला टेकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पण मला फार चांगली समजू नकोस. तू बोलली नाहीस, मी खोदलं नाही. खोदलं असतं तर कोर्टात यावं लागलं असतं, तुझ्याबरोबर तुरुंगात यावं लागलं असतं. दोन किलोचं खोकं न्यायला काय लागतं? ते मला परवडलं."

तीस वर्षांत शुभा इतकं खरं कधी बोलली नव्हती. रेखाने मनातला जुना जमाखर्च एकदा चाळून पाहिला आणि सोडून दिला. आपण लपवत होतो ते लोकांपासून नव्हतंच. लोक आपल्यापासून लपवत होते की त्यांना ठाऊक आहे, आणि या लपाछपीत कोर्टातले बाक तेवढे रिकामे राहिले.

"एप्रिलमध्ये तारीख आहे," ती म्हणाली. "येशील?"

"अतुल गाडी काढेल. सुमित्राकाकूंना मीच सांगते. त्यांना वगळलं तर त्या न्यायाधीशाला सोडून आपल्यालाच शिक्षा करतील."

एप्रिलात बाक भरले. सुमित्राकाकू ऐंशीच्या, सगळ्या मंडळींत वडीलधाऱ्या, रेशमी साडी, वर जाड जॅकेट, खाली बर्फातले बूट. कोर्टाच्या दारातल्या यंत्राने त्यांच्या पर्समधला अडकित्ता पकडला. शिपायाने तो चिमटीत धरून विचारलं, हे काय आहे?

"सुपारी, सुपारी," काकू म्हणाल्या. "सांग गं त्याला, यानं कोणी मरत नाही म्हणावं. मरायचं तर माझे हे तंबाखूनं गेले."

अंतरा हसायला लागली आणि हसता हसता रडायला. चारुदत्तांनी पुढे होऊन अडकित्त्याची पावती घेतली. मग काकूंच्या पाया पडले, कोर्टाच्या दारात, त्या यंत्राच्या शेजारी. काकूंनी पाठीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "चल. उशीर झालाय."

मिहीरला बेड्या घालून आणलं. त्याने मागे वळून पाहिलं, आणि आधी त्याला वाटलं आपण चुकीच्या खोलीत आलो. मग शुभामावशी दिसली, अतुलकाका, काकू, गणपतीत त्याने ज्यांच्या खुर्च्या उचलल्या होत्या ते सगळे. त्याने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

अतुल बोलला. मुलगा लहानपणी कसा होता, सुटल्यावर आपण त्याला कुठे काम देऊ शकतो, असं मोजकं. काकूंनी बोलायचा हट्ट धरला आणि अंतराने भाषांतर केलं. मग मिहीर उठला.

"आय न्यू दे वेअर गोइंग टू टेक द मनी," तो म्हणाला. "मला गनचं माहीत नव्हतं. पण पैशांचं माहीत होतं. हे मी आधी सांगायला हवं होतं."

रेखाने चारुदत्तांकडे पाहिलं नाही. त्यांचा हात मात्र बाकावर तिच्या हाताशेजारी आला.

मग सरकारी वकिलाने दुकानातल्या म्हाताऱ्याला बोलावलं. रेखाने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. खटल्यात तो साक्षीला आला होता तेव्हा तिने पूर्ण वेळ ज्यूरीचे चेहरे वाचले होते. इराकमधून आलेला, चारुदत्तांच्या वयाचा, कोटाचं बटण चुकीच्या काजात. तो म्हणाला, मला आता झोप येत नाही. दुकान मुलीने विकायला लावलं. बस, एवढंच. आणि तो जाऊन पलीकडच्या बाकावर बसला. पलीकडचे सगळे बाक रिकामे होते. तो, आणि शेजारी त्याची टोपी.

आपल्या बाजूला लोक मांडीला मांडी लावून बसले होते. रेखाला वाटलं, उठावं, त्या बाकावर जाऊन बसावं. काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. पण न्यायाधीशांनी चष्मा लावला, आणि ती जागची हलली नाही.

सहा वर्षं.

कोवाल्स्कीबाई म्हणाली, चांगलं झालं, खूपच चांगलं. बाहेर आल्यावर सगळ्यांनी बारातून सहा वजा केले आणि उरलेल्याचा आनंद मानायचा प्रयत्न केला. रेखाही तेच करत होती. पण तिच्या मनात दुसरीच वजाबाकी चालू राहिली: सहातून तीन. ती कोर्टाने केलेली नव्हती.

पुढच्या भेटीत मिहीरने नेहमीप्रमाणे विचारलं नाही. रेखाने मशीनमधून पडलेला दालचिनीचा रोल गरम करून त्याच्यापुढे सरकवला.

"कोणी सांगितलं सगळ्यांना?" त्याने विचारलं.

"मी."

"मग पुण्याचा मिहीर?"

"आला परत."

तो हसला, पण थोडंच. "तो माणूस, दुकानातला. ही वॉज ऑल अलोन, आई."

"पाहिलं मी."

"कोणी त्याच्याकडे गेलं का?"

रेखाने मान हलवली. नाही. मिहीरने रोलचा अर्धा तुकडा तोडून तिच्यापुढे ठेवला. तो खाता खाता तिनेच विषय बदलला, "मामा विचारत होता, तुझ्या त्या खोक्यांचं काय करायचं."

"देऊन टाक म्हणावं कोणाला. आय'ल बी ट्वेंटी-सेव्हन. मला थोडेच बसणारेत ते शर्ट?"

"बरं," रेखा म्हणाली. शेवटच्या खोक्यातले दोन लार्ज घेतले होते, ते तिने सांगितलं नाही.